बियाण्याचा पळस

डिसेंबर निम्मा सरला की आमच्या ब्रह्मपुरीच्या हवेत एक गंध वस्तीला येतो. नव्या तणसाचा, धान मळून उरलेल्या पेंढ्याचा. धानाची चुरणी आटोपलेली असते, रात्रभर दवात भिजलेले तणसाचे ढीग सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळू लागतात, आणि वैनगंगेकडून येणारा गार वारा त्यांचा तो ओलसर, किंचित गोड वास घराघरांत पोहोचवून देतो. खिडकी उघडायचा अवकाश, की तो आत! मग हातातला चहा हातातच निवतो, आणि साठी उलटलेली मी, तीस-पस्तीस वर्षं महाविद्यालयात पोरांना उपमा-उत्प्रेक्षा शिकवून घसा कोरडा केलेली मी, एकाएकी नऊ वर्षांची होते. नाताळच्या सुट्ट्या लागल्या आहेत आणि आपल्याला कुठेतरी निघायचं आहे, असं उगीचच वाटत राहतं.

आता गंमत पाहा. माझं बालपण गेलं आलापल्लीत, आणि नाताळ साजरा करणारं एकही घर तिथे माझ्या पाहण्यात नव्हतं. पण शाळेला सुट्टी मिळायची, सुट्टीला काहीतरी नाव हवं, म्हणून ते नाव. वडील तिथल्या लाकूड डेपोत कारकून होते. सुट्टीतला एक दिवस वनभोजनाचा ठरलेला असायचा. डेपोतल्या साऱ्यांची बायकापोरं दोन बैलगाड्यांत कोंबायची आणि सागवनाकडे निघायचं. अहाहा, काय तो पौषातला प्रकाश! सागाची थोरली पानं पिकून तांबूस झालेली, त्यांच्यातून गाळून आलेलं ऊन अंगावर घेत आम्ही चालायचो, आणि मध्येच एखादं पान गळून पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. त्या आवाजाला आम्ही पोरं उगाच दचकायचो आणि दचकल्याबद्दल एकमेकांना चिडवायचो.

घरून न्यायचे ते तांदूळ, वांगी, तेल-मीठ आणि मातीची मडकी. बाकी सारं तिथलंच. पाणी नाल्याचं, सरपण पडलेल्या फांद्यांचं आणि ताटं पळसाच्या पानांची. ती टाचायला मला जानोने शिकवलं. जानोचे वडील डेपोत ओंडके ओढणाऱ्या गाडीवर होते. गोंडांच्या घरातली ही पोरगी माझ्याच वयाची, पण हाताने माझ्याहून दहा वर्षांनी मोठी! बांबूची बारीक काडी दातात धरून ती पानावर पान ठेवायची, टाचायची, आणि माझं एक पान होईस्तोवर तिच्या चार पत्रावळी व्हायच्या. 'अव सुमन, पान शिवून राह्यली का गोधडी?' असं म्हणून ती खदखदून हसायची. जेवण झालं की पत्रावळी गाईंपुढे जायच्या, राखेवर पाणी पडायचं, आणि आम्ही उठून गेलो की चेपलेल्या गवताखेरीज आमची काही खूण मागे उरत नसे. 'पर्यावरणपूरक' हा भारदस्त शब्द तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या कानावरूनसुद्धा गेला नव्हता.

आणि आता? आता थर्टीफर्स्टला नदीकाठी जाऊन पाहा. प्लास्टिकचे पेले, चंदेरी मुलामा दिलेली कागदी ताटं, फुटके फुगे, शीतपेयांच्या बाटल्या! जंगलात वाघ पाहायला आलेली मंडळी ढीगच्या ढीग कचरा मागे टाकून जातात आणि जाताना निसर्गाचे फोटो मात्र काढून नेतात. माझा संताप संताप होतो. तो मी घरात बोलून दाखवते, बाजारात बोलून दाखवते, आणि कोणी ऐकायला नसेल तर कुंडीतल्या तुळशीलासुद्धा ऐकवते. हे मुद्दाम सांगते आहे. मी कशी आहे ते तुम्हांला आधी कळायला हवं, म्हणजे गेल्या वर्षी माझ्या हातून काय झालं ते नीट समजेल.

गेल्या नाताळात माझी नात ओवी पुण्याहून आठ दिवसांसाठी आली. नऊ वर्षांची पोर. हातात एक हिरव्या पुठ्ठ्याची वही. शाळेने सांगितलं होतं म्हणे, की सुट्टी अशी साजरी करा की कचरा होणार नाही, आणि काय काय केलं ते लिहून आणा. ती पहिल्या पानावर 'प्लास्टिकचं झाड आणलं नाही' एवढं लिहून पुढे पेन्सिल चावत बसली होती. मला काय, आयतंच निमित्त! मी पदर खोचला. म्हटलं, चल, तुला खरी सुट्टी कशी असते ते दाखवते. कचरा काय असतो हेच ज्या मुलखाला माहीत नव्हतं, त्या मुलखात नेते. जानोला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरली. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी करत आलापल्ली, आणि तिथून पुढे माणसांनी भरलेल्या जीपने जानोच्या टोल्यावर, म्हणजे रानाकडेच्या तिच्या वस्तीवर. वाटभर मी पोरीला शिकवत होते. हा मोह, हा ऐन, हा बिजा, हा पळस. एकाही झाडापाशी माझी जीभ अडखळली नाही, याचा मला केवढा अभिमान वाटत होता म्हणून सांगू!

जानो आता पाच नातवंडांची आजी आहे. केस पांढरे झालेत, चालणं मात्र तेच, तुरुतुरु. मला पाहताच तिने दोन्ही हातांनी माझे गाल दाबले. 'काय व सुमन, लय वाळली. पेन्शन मिळते का नाई तुले?' आणि ओवीकडे वळून म्हणाली, 'तुही आजी लहानपनी चांगली गोल होती, लोट्यासारखी.' ओवी हसून हसून बेजार झाली. दुसऱ्या दिवशीचं वनभोजन जानोच्या बांधीवर, तिच्या धानाच्या शेतात ठरलं, कारण रानात चूल पेटवायची नाही असं तिच्या ग्रामसभेने ठरवलेलं आहे. ते ऐकून मला भरूनच आलं. म्हटलं, बघ ओवी, ही माणसं! आणि ओवीने ते वहीत उतरवून घेतलं.

धान निघालेली मोकळी बांधी, तिच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक ठेंगणा, दाट पळस, आणि पलीकडे रान सुरू. जानोने तीन दगड मांडले, वाळकी लाकडं रचून चूल पेटवून दिली, भाताचं मडकं चढवलं, आणि चटणी वाटून आणतो म्हणून ती घरी गेली. पत्रावळींसाठी पानं तिने सकाळीच आणून ठेवली होती. पण पोरीला झाडावरून पान तोडण्याचा आनंद मिळायला नको का? असं मनाशी म्हणत मी तिला घेऊन त्या पळसाखाली गेले. आणि पाहते तो काय, झाड आजारी! खालच्या साऱ्या कोवळ्या फांद्यांवर तांबूस पुरळ उठलेलं, त्यावर पांढरी बुरशीसारखी लव. ठिकठिकाणी कोणीतरी सुतळीने खरबरीत काड्यांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या. पोराटोरांचा खेळ असेल, असं मला वाटलं. माझ्या घरच्या जास्वंदीवर असाच पांढरा रोग पडला होता, तेव्हा मी रोगट फांद्या तोडून जाळल्या होत्या आणि जास्वंद वाचली होती. मग इथे हात आखडता का घ्यायचा? जानोचं झाड म्हणजे माझंच झाड! मी पदराने हात गुंडाळला आणि फांद्या मोडायला सुरुवात केली. हाताला लागतील तेवढ्या साऱ्या मोडल्या, जुड्या सोडल्या, आणि रोग पसरू नये म्हणून थोड्या थोड्या करून चुलीत सारल्या. ओवी पाळीवर बसून लिहीत होती. मी डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, 'आजीने आज एक झाड वाचवलं.'

मग तो वास आला.

धुरात मिसळून, आधी अगदी पुसट, मग दाट, गोडसर, चिकट. आणि काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! वडिलांच्या टेबलाचा वास होता तो. डेपोतली महत्त्वाची पाकिटं टपालात टाकण्यापूर्वी ते मेणबत्तीवर लाल कांडी धरायचे, तिचे थेंब पाकिटाच्या तोंडावर पाडायचे, आणि वर पितळेचा शिक्का दाबायचे. मेणबत्ती धरायचा मान माझा. पन्नास वर्षं गेली, ते टेबल गेलं, वडीलही गेले, आणि तो वास असा रानाच्या कडेला, भाताच्या मडक्याखालून उठून मला भेटायला यावा! क्षणभर मी डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. अगदी सुखाने घेतला.

आणि मग त्या वासाचं नाव आठवलं. लाख.

तुम्ही कधी आपल्याच हातांकडे परक्यासारखं पाहिलंय? मी पाहिलं. बोटांना तांबूस चिकटा लागला होता. पुरळ नव्हतं ते, बुरशी नव्हती. लाखेचे किडे होते. जुड्या पोरांच्या खेळाच्या नव्हत्या; किडे झाडावर चढावेत म्हणून बांधलेलं बियाणं होतं. माझ्या लहानपणी पळस आम्हांला पानांपुरता आणि फुलांपुरता ठाऊक. त्यावर लाख पिकवायला जानोच्या टोल्याने अलीकडे सुरुवात केली होती, आणि मी वाटभर नातीला झाडांची नावं शिकवणारी पंडिता! मी चुलीतल्या फांद्या हातानेच ओढून काढल्या, शेजारची पाण्याची घागर पालथी केली. चूल विझली, भात अर्धाकच्चा राहिला. काळ्या झालेल्या काड्यांवर लाखेचे थेंब गोठत चालले होते.

जानो अजून दिसत नव्हती. खरं सांगू? त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहायला आजही लाज वाटते. काड्या नाल्यात फेकाव्यात. वारं सुटलं होतं म्हणावं, गुरं घुसली होती म्हणावं. ओवीला काही समजलेलं नव्हतं, तिच्या वहीत तर मी झाड वाचवलेलं होतं. वाटलं, काय बिघडतं त्यात? वाईट हेतू थोडाच होता? पण पाळीवरून ती तुरुतुरु चाल दिसली, हातात चटणीचं पान, आणि माझ्या तोंडून शब्द आपोआपच निघाले. 'जानो, मी तुझं झाड मोडलं. मला रोग वाटला ग. मी जाळलं ते.'

तिने चटणीचं पान खाली ठेवलं. झाडापाशी गेली. मोडलेल्या एकेका फांदीच्या बुडख्यावरून अंगठा फिरवला. मी तिच्या मागे मागे, बावचळल्यासारखी, न जळलेल्या काड्या ओंजळीत धरून. म्हटलं, ह्या पुन्हा बांधू ना, वरच्या फांद्यांना बांधू. तिने मान हलवली. 'नाई होत. हे एकदा बसले का हलत नाई. जिथी बसले तिथीच जगते, तिथीच मरते.' मग तिने मला सांगितलं. उन्हाळ्याच्या झळांत साऱ्या टोल्याची लाख मेली होती. जेवढं बियाणं हाताशी राहिलं, ते सगळ्यांनी मिळून या एका झाडावर चढवलं होतं, कारण नाल्याच्या ओलाव्याने हा पळस गार राहतो. आषाढात याच्यावरूनच घरोघर बियाणं जायचं होतं. बियाण्याचा पळस होता तो. तिने आवाज चढवला नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. फक्त माझ्याकडे पाहून म्हणाली, 'बाई, मले विचारलं काऊन नाई?'

पन्नास वर्षांत ती मला कधी बाई म्हणाली नव्हती. त्या एका शब्दाने मी तिच्या अंगणातून उचलली जाऊन कुठल्या कुठे जाऊन पडले. आणि प्रश्न तरी केवढा साधा! हाकेच्या अंतरावर तिचं घर होतं. 'या फांद्यांना काय झालंय ग?' एवढं विचारायला मला काय झालं होतं? मी झाडावर माया केली, रानावर केली, माझ्या त्या सोन्यासारख्या बालपणावर तर किती केली! पण ज्या झाडाखाली मी उभी होते, त्या झाडाचं माणूस जिवंत आहे, दर वर्षी नवं काहीतरी शिकतं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्या आठवणीत जानो अजून नऊ वर्षांची होती, दातात काडी धरून बसलेली. तिला काय विचारायचं, असंच मी समजून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटुलाच्या, म्हणजे टोल्याच्या सभाघराच्या अंगणात टोल्याची माणसं जमली. झाड सगळ्यांचं, तेव्हा सांगायचंही सगळ्यांना. जानो म्हणाली, मी सांगतो, तू बस. मी ऐकलं नाही. आयुष्यभर भरल्या वर्गांपुढे बोलले, तशी त्या पंचवीस-तीस माणसांपुढे उभी राहिले. केलं ते सांगितलं आणि म्हटलं, मला दंड करा. कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे भाऊ जरा हसले. 'दंड घेऊन का करू बाई? दंडातून किडा निंगते का?' सभेत पुढचं बोलणं सुरू झालं: वरच्या फांद्या शाबूत आहेत, तेवढ्यात किती घरांचं भागेल, राखण कोणी करायची. माझ्या अपराधावर कोणी फार वेळ घालवला नाही. ओवीने वहीतलं ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'आजी चुकली. तिने सगळ्यांना सांगितलं.' शाळेत बाईंनी त्यावर काय शेरा दिला, ते तिने मला कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आषाढात मी पुन्हा गेले. बोलावणं नव्हतं, तरी गेले. भर पावसात वरच्या फांद्या उतरवल्या, काड्यांच्या जुड्या केल्या. मला सुतळी बांधायचं काम मिळालं, आणि माझी पहिली गाठ सुटल्यावर जानो पूर्वीसारखी हसली. एकेक घर येऊन आपापलं बियाणं घेऊन जात होतं. त्यांचा रिवाज असा, की ज्याच्या बांधीवर बियाण्याचं झाड, त्याचा वाटा सगळ्यांत शेवटी. शेवटचं घर गेलं तेव्हा टोपलीत जानोच्या वाट्याला सालपटांखेरीज काही राहिलं नव्हतं. जानोने टोपली पालथी घालून झटकली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मी काही बोलणार होते. तिने मला चहा ठेवायला सांगितलं.

आता पुन्हा डिसेंबर आला आहे. ओवी परवा येते आहे, यंदा तिला काडीने पान टाचायला शिकायचंच आहे. काल संध्याकाळी जानोच्या सुनेच्या फोनवर मी जानोला बोलावून घेतलं. विचारलं, यायचं म्हणते, येऊ का? 'ये ना. इच्यारते का?' मग मी खरं विचारायचं ते काढलं. कितीतरी वेळ मनात घोळवलेला प्रश्न होता, तरी ओठांवर यायला जड गेला. म्हटलं, जानो, पोरीला पत्रावळी करायच्या आहेत. पानं कोणत्या झाडाची तोडायची? ज्याच्यावर लाख बसलेली नाही असं एखादं झाड आधी दाखवून ठेवशील का?

पलीकडे ती अंगणात उभी असावी. कोंबड्यांचा आवाज येत होता, कुठेतरी कोणी धान पाखडत होतं. मग तिचा तो नेहमीचा, साधा आवाज आला. 'माह्याच झाडाची तोड. त्याच्यावर यंदा काई नाई.'